पवईतली पट्टी, घरून तापवलेली

अभियांत्रिकीतले संमिश्र अध्ययन म्हणजे नुसते व्हिडिओ पाहणे नव्हे. संकल्पना घरी पडद्यावर समजून घ्यायची आणि वर्गातला वेळ उदाहरणे, शंका व प्रयोगांसाठी राखायचा, ही त्यामागची कल्पना. व्याख्यानांची सोय भारतात लवकर झाली: सात आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने २००३ मध्ये एनपीटेल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. पुढे ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांकही विद्यापीठे धरू लागली.

खरा अवघड भाग प्रयोगशाळेचा. आयआयटी मुंबईत विकसित झालेली ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम’ हे त्यावरचे फार देखणे उत्तर आहे. पोलादाची छोटी पट्टी, ती तापवणारे वेटोळे, गार करणारा पंखा, तापमानाचा सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर, एवढेच साहित्य. विद्यार्थी वेळ आरक्षित करतो, आपल्या संगणकावर सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम चालवतो आणि तिकडे पवईतल्या आयआयटीत खरी पट्टी तापते. सिम्युलेशनमध्ये आलेख गुळगुळीत येतो. इथे मात्र सेन्सरची थरथर, उष्णता पोहोचायला लागणारा वेळ, खोलीतल्या हवेचा परिणाम असे सगळे आकड्यांत उतरते. तापमान ठरवलेल्या पातळीवर राखणाऱ्या पीआयडी कंट्रोलरचे गुणांक चुकले की तापमान ठरवलेल्या रेषेभोवती हेलकावे घेते. ते का, हे शोधतानाच कंट्रोल सिस्टीम हा विषय खऱ्या अर्थाने उमगतो.

लेथ, वेल्डिंग किंवा काँक्रीटचे क्यूब फोडून पाहणे यांना मात्र पडदा हा पर्याय नाही. तिथे वर्कशॉपमध्ये उभेच राहावे लागते.