दोन पेडल की तीन?

गेल्या वर्षी आमच्या घरात दोन महिने एकच विषय चालू होता, तो म्हणजे क्लच. जेवताना क्लच, फोनवर क्लच, सोसायटीच्या फाटकाशी कुणी भेटलं तरी क्लच! निमित्त असं, की घरातल्या दोघी जणी एकदमच गाडी शिकायला निघालो होतो. एक मी, वय वर्षं छप्पन्न. दुसरी माझी पुतणी, वय वर्षं एकोणीस. गिअरच्या गाडीवर शिकायचं की ऑटोमॅटिकवर, हा प्रश्न दोघींपुढे एकाच वेळी उभा राहिला आणि दोघींची उत्तरं वेगवेगळी निघाली. ती का, हे सांगावंसं वाटतं. कारण हाच प्रश्न आज अनेक घरांत विचारला जात असणार.

मला गाडीची हौस अशी कधी नव्हती. तीस वर्षं ह्यांनी गाडी चालवायची आणि मी शेजारी बसून ‘जरा हळू’ म्हणायचं, अशी आमच्यात सरळ वाटणी होती. पण ह्यांना काचबिंदू निघाला आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. माझी आई साताऱ्याला एकटी राहते, वय ब्याऐंशी. तिचा फोन रात्री अकराला आला तर पुण्याहून निघायचं कसं? भाड्याची गाडी दर वेळी मिळतेच असं नाही. तेव्हा शिकायचं हे ठरलं. कशावर शिकायचं, एवढंच उरलं.

आधी गिअर असतात कशाला, हे मी समजून घेतलं. पूर्वी गिअरची सायकल चालवलेल्या कुणालाही ते चटकन कळेल. चढावर हलका गिअर लागतो. पाय भराभर फिरतात, सायकल सावकाश जाते, पण चढते. सपाटीवर जड गिअर टाकला की कमी पायांत जास्त अंतर कापलं जातं. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाचंही तसंच. ते ठरावीक वेगाने फिरत असतानाच नीट ओढतं, म्हणून जागची गाडी हलवायला पहिला गिअर आणि पळत्या गाडीला वरचे. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातली गाठ. ती क्षणभर सोडायची, गिअर बदलायचा आणि पुन्हा हळुवार बांधायची. नवशिक्याची सगळी फजिती होते ती या ‘हळुवार’पाशी. क्लच झटकन सोडला की गाडी एक उडी मारून बंद पडते, आणि मागचे हॉर्न सुरू होतात.

ऑटोमॅटिक गाडीत ही गाठ बांधण्या-सोडण्याचं काम यंत्राकडे गेलं. आपल्या पायाशी उरले दोनच पेडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. अमेरिकेत ओल्ड्समोबाइल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ नावाची पूर्ण स्वयंचलित व्यवस्था १९४० च्या मॉडेलांपासून मिळू लागली. आपल्याकडे मात्र ऑटोमॅटिक ही बराच काळ श्रीमंतांच्या मोठ्या गाड्यांची मिरास होती. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत ‘एएमटी’ आलं आणि हे चित्र बदललं. एएमटीत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लचही असतो. फक्त तो दाबायला आपल्या पायाऐवजी एक यांत्रिक हात बसवलेला असतो. त्यामुळे अशी गाडी साध्या गाडीपेक्षा साधारण पन्नास हजारांच्या आसपासच महाग पडते. गिअर बदलताना ती किंचित मान डोलावते, एवढाच काय तो तिचा दोष. याहून मऊ चालणारे ऑटोमॅटिकचे प्रकार आहेत. त्यांचे पैसेही तसेच जास्त पडतात.

माझा कल ऑटोमॅटिककडे आहे हे कळताच सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “वहिनी, गिअर नाही ती गाडी कसली हो? ते तर खेळणं झालं!” दुसऱ्यांनी समजूत काढल्यासारखं सांगितलं, “बायकांना ऑटोमॅटिकच बरी.” एकाने गाडीला नावं ठेवली, दुसऱ्याने बायकांना, मुद्दा एकच, की गिअर ज्याला येतो तोच खरा चालक.

हे बोलणं पुण्यात ऐकून मला गंमत वाटली. या शहरातल्या बायका घराबाहेर पडल्या त्या दुचाकीवर. चेतकसारख्या स्कूटरचा गिअर डाव्या मुठीत असायचा. क्लच दाबून मनगट पिळायचं. ते जमलेल्या बायकाही होत्या, पण थोड्या. आधी १९७० च्या दशकात लूना आली, आणि १९८४ मध्ये कायनेटिक होंडा. हिला गिअर नाही आणि किक मारायचीही गरज नाही, बटण दाबलं की चालू! बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या किती बायका तिच्यावरून कामाला गेल्या, ते त्या काळातल्या पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. गिअर नाही म्हणून त्यांचं कामावर जाणं कुणी खोटं ठरवलं नाही. आज तर पुरुषही बिनदिक्कत बिनगिअरच्या स्कूटरवर फिरतात.

मोटारीची गोष्टही फारशी वेगळी नाही. कॅडिलॅकने १९१२ मध्ये विजेचा स्टार्टर बसवेपर्यंत समोर उभं राहून हँडल मारणं हा ड्रायव्हिंगचाच भाग होता. १९२८ मध्ये त्याच कंपनीने सिंक्रोमेश आणलं. त्याआधी गिअरचे दाते कर्कश न वाजवता जुळवणं ही एक विद्या होती. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीचा हँडगिअर स्टिअरिंगखाली असायचा. त्यावर हात बसलेल्यांना फ्लोअर गिअरची मारुती ८०० पहिल्यांदा परकी वाटली असेल. काल जे कसब होतं ते आज यंत्र करतं. रस्त्यावर आडवं येणारं पोर दिसणं, हे काम मात्र तेव्हाही माणसाचं होतं आणि आजही आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो? इथे एक मौज आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीच्या लायसन्सचे ‘गिअरसह’ आणि ‘गिअरविना’ असे दोन वर्ग आहेत. चारचाकीला मात्र ‘हलकं मोटार वाहन’ हा एकच. म्हणजे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेला माणूस कायद्याने गिअरची गाडीही चालवू शकतो. ब्रिटनमध्ये असं चालत नाही. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचं. जपानने १९९१ पासून तसं वेगळं लायसन्स ठेवलं आहे. जर्मनीने २०२१ मध्ये मधला मार्ग काढला: परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण ठरावीक तास गिअरच्या गाडीवर सराव करून तो पडताळून घेतला, तर दोन्ही चालवा. आपल्याकडची सूट सोयीची आहे खरी. पण लायसन्स हातात आहे म्हणून क्लच पायाला कळतो असं नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेल्याने सरावाशिवाय दुसऱ्याची गिअरची गाडी रस्त्यावर काढू नये, हे कायद्यात नसलं तरी शहाणपणात बसतं.

आणि ऑटोमॅटिक म्हणजे सगळंच सोपं, हाही एक भ्रमच. गिअरच्या गाडीत नवशिक्याचा गोंधळ झाला की बहुतेक वेळा गाडी बंद पडते. ऑटोमॅटिकमध्ये गोंधळ झाला तर ती पुढे जाते. ‘डी’वर असताना ब्रेकवरचा पाय काढला की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या आपणहून सरकू लागतात. घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर समोरच्या भिंतीचंही खरं नाही. म्हणून पहिला धडा असा, की दोन्ही पेडल उजव्याच पायाने दाबायचे. डाव्या पायाला पूर्ण सुट्टी. दुसरा धडा चढाचा. सिग्नलला चढावर उभं असताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. एएमटीमध्ये त्याने क्लच जळतो. ब्रेक धरावा, नाही तर हँडब्रेक ओढावा. तिसरा धडा घाटाचा. ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. उतारावर नुसता ब्रेक दाबत राहिलं तर तो तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. गाडीचा वेग इंजिनाने धरून ठेवायचा असतो. ऑटोमॅटिकमध्येही त्यासाठी ‘एल’ किंवा मॅन्युअलची खूण असते, पण ती कधी वापरायची हे अनेकांना कुणी सांगतच नाही. साताऱ्याला जायचं म्हणजे वाटेत खंबाटकी आहेच, म्हणून मी हे पहिल्या आठवड्यातच विचारून घेतलं. आणखी एक, बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही.

हे सगळं मांडून झाल्यावर मी स्वतःला तीन प्रश्न विचारले. क्लास संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोणत्या गाडीत बसणार? घरात ती गाडी आणखी कोण चालवणार? आणि माझं शरीर काय म्हणतं? आमची गाडी अकरा वर्षांची, बदलायला आलेली होतीच. ह्यांनाही दिवसा चालवायला दोन पेडलची गाडी सोयीची. माझा डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. पुण्याच्या गर्दीत तासाभरात किती वेळा क्लच दाबावा लागेल, याचा हिशेब त्याने आधीच मांडला होता. मुख्य म्हणजे मला स्पर्धेत भाग घ्यायचा नव्हता, आईपर्यंत पोहोचायचं होतं. मी ऑटोमॅटिक घेतली आणि तिच्यावरच शिकले.

पुतणीला मी उलटा सल्ला दिला. ती म्हणाली, “काकू, तू स्वतः दोन पेडलची घेतेस आणि मला तीन का?” मी म्हटलं, “तुझ्यापुढे कुणाकुणाच्या गाड्या येतील, ते आज कुणाला माहीत?” मैत्रिणीच्या वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायचं झालं, तर त्यांच्या दारात असेल तीच गाडी काढावी लागणार. शिवाय तिला पुढे शिकायला जर्मनीला जायचं आहे. तिथे आपलं लायसन्स सहाच महिने चालतं. मग त्यांची परीक्षा. गिअर आधीच हातात असलेला बरा. एकोणिसाव्या वर्षी पाय नवी गोष्ट लवकर शिकतात. नियमानुसार ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम किमान एकवीस दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तासांचं हवं. तिची गाडी पहिल्या आठवड्यात रोज बंद पडत होती; तिसऱ्यात ती बोलता बोलता गिअर बदलू लागली.

पुढे हा वाद आपोआप मिटेलही. विजेच्या गाड्यांना बहुधा गिअर बदलण्याची भानगडच नसते. तोवर ज्यांना निवड करायची आहे त्यांनी शेजाऱ्यांच्या मताआधी आपल्या दारातली गाडी बघावी. घरी गिअरची गाडी असेल आणि ती बदलणार नसाल, तर ऑटोमॅटिकवर शिकून उपयोग नाही. ती उभीच राहील. वय तरुण असेल तर गिअर शिकून घ्यावा, तो ओझं होत नाही. आणि पन्नाशीनंतर क्लचच्या धास्तीने ज्या अजून शेजारच्या सीटवरच बसल्या आहेत, त्यांनी खुशाल दोन पेडलची गाडी शिकावी. कपाटात नुसतं लायसन्स असलेल्या बऱ्याच जणी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींना गिअर टाकता येतो. अडतं ते एवढ्याचसाठी, की किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते.