न धावण्याचे बक्षीस

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. औषधनिर्मितीच्या व्यवसायात तो आज चांगल्या हुद्द्यावर आहे. फराळ करता करता त्याने प्रश्न केला, ‘सर, दोघांचे भांडण कोर्टाबाहेर मिटले, तर सर्वांनी समाधानच मानावयास हवे. मग पेटंटचा तंटा मिटवल्याबद्दल आपल्या कंपन्यांना युरोपात दंड का व्हावा?’

आम्ही मराठीचे शिक्षक. कायदा हा आमचा प्रांत नव्हे. तथापि विद्यार्थ्याचा प्रश्न अनुत्तरित ठेवणे शिक्षकाच्या धर्मात बसत नाही, म्हणून आम्ही त्या प्रकरणाचा अभ्यास केला. तो वाचकांपुढे ठेवण्याचे कारण असे, की यातील भारतीय कंपन्या मुंबई आणि हैदराबादच्या आहेत, त्यांपैकी दोघींचे कारखाने गोव्यातही आहेत, आणि आपल्या घरांतील कितीतरी मुलेमुली याच व्यवसायात नोकरी करीत आहेत.

पेरिंडोप्रिल हे रक्तदाबावरील औषध. सर्व्हिए या फ्रेंच कंपनीने ते शोधले व पेटंटच्या संरक्षणाखाली विकले. संशोधनासाठी पैसा व वर्षे खर्च करणाऱ्यास काही काळ एकाधिकार मिळावा, यात अन्याय काहीच नाही. परंतु या शतकाच्या आरंभी मूळ रेणूचे पेटंट संपत आले आणि कंपनीपाशी औषधाचे विशिष्ट रूप व ते तयार करण्याच्या पद्धती यांवरील पेटंटे तेवढी उरली. तेच औषध स्वस्तात विकू पाहणाऱ्या, म्हणजे जेनेरिक औषधे बनवणाऱ्या कंपन्यांनी या पेटंटांना आव्हान दिले. येथवर सारे रीतीप्रमाणेच चालले होते.

पुढे २००५ ते २००७ या काळात सर्व्हिएने एकेकीशी तडजोड केली. मुंबईच्या युनिकेमची ब्रिटनमधील उपकंपनी निश हिच्याशी झालेल्या करारात १ कोटी १८ लाख पौंड देण्यात आले; हैदराबादच्या मॅट्रिक्सलाही तेवढेच. मुंबईच्या लुपिनला तिचे पेटंट-अर्ज विकत घेण्याच्या निमित्ताने ४ कोटी युरो मिळाले. या कंपन्यांनी आव्हान सोडावे आणि आपले औषध बाजारात आणू नये, हा या व्यवहारांचा गाभा होता. २००७ साली ब्रिटनमध्ये न्यायालयाने सर्व्हिएचे मुख्य पेटंट रद्द ठरवले. तेथील बाजारात स्वस्त गोळी येताच किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली. जी गोळी दहा रुपयांना पडत होती ती एका रुपयास मिळू लागावी, असा हा फरक. स्पर्धा लांबली असती तर वरचे नऊ रुपये रुग्णांच्या खिशातून आणि सरकारी आरोग्यसेवेच्या तिजोरीतून जात राहिले असते.

युरोपीय आयोगाने ९ जुलै २०१४ रोजी सर्व्हिए व पाच जेनेरिक कंपन्यांना मिळून सुमारे ४२ कोटी ७७ लाख युरो दंड ठोठावला. त्यात लुपिनचा वाटा ४ कोटींचा होता. आधार होता तो १९५७ च्या रोम करारातील एका कलमाचा. आज ते १०१ व्या क्रमांकाने ओळखले जाते, आणि स्पर्धा रोखणारे संगनमत ते निषिद्ध मानते. प्रकरण लक्झेंबर्गच्या न्यायालयांत दहा वर्षे चालले. अखेर २७ जून २०२४ रोजी सर्वोच्च पायरीवर भारतीय कंपन्यांची अपिले फेटाळली गेली. रॅनबॅक्सीचा समावेश असलेल्या लुंडबेक प्रकरणात २०२१ साली असाच निर्णय झाला होता.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या निकालांत आहे. तंटा मिटवणे हा दोष नव्हे. आपले पेटंट खंबीर आहे असे मानून प्रतिपक्षाने माघार घेतली, तर कायद्यास हरकत नाही. परंतु पेटंटाच्या बळावर नव्हे, तर पैशाच्या बळावर माघार घडवली गेली आणि त्या रकमेस ‘बाजारात येऊ नका’ याखेरीज दुसरे पटण्याजोगे कारणच नसेल, तर ते संगनमत ठरते. प्रतिस्पर्धी अद्याप बाजारात आलेला नव्हता, हीही सबब चालत नाही. येण्याची त्याची खरीखुरी शक्यता होती, एवढे पुरते. क्रीडांगणावर पहिल्या क्रमांकाच्या मुलाने दुसऱ्याला पैसे देऊन शर्यतीस उभेच राहू दिले नाही, तर त्या पहिल्या क्रमांकाचे मोल काय उरते?

कंपन्यांनी या कायद्याची आणखी काही अंगे ध्यानी घ्यावीत. उपकंपनीच्या कृत्याचे उत्तर मूळ कंपनीस द्यावे लागते. म्हणूनच ब्रिटनमधील कराराबद्दल मुंबईच्या युनिकेमला जबाबदार धरले गेले. दंड जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पूर्वी करार आयोगास कळवून त्यास आधी मान्यता मिळवता येई. १ मे २००४ पासून ती सोय गेली आणि आपला करार कायद्यात बसतो की नाही हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे आहे. शिवाय संगनमतात जो प्रथम कबुली देईल त्यास पूर्ण माफी मिळू शकते. ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रकरणात २०१६ साली सुमारे २९३ कोटी युरो दंड झाला. पण गुपित फोडणारी मान ही कंपनी एक पैसाही न भरता सुटली. चोरांच्या एकीला सुरुंग लावण्याची ही युक्ती मोठी परिणामकारक आहे.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे समजून स्वस्थ बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडेही १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा मागे पडून २००२ चा स्पर्धा कायदा आला. २०२३ च्या दुरुस्तीने दंडाचा हिशेब जागतिक उलाढालीवर करण्याची तरतूद केली आणि मार्च २०२४ पासून ती अमलात आली.

भारतीय कंपन्यांचे नाव जगात झाले ते स्वस्त औषधामुळे. श्रीमंतांच्या देशात महाग पडणारी गोळी गरिबाच्या हाती पोचवली, हा आपला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. म्हणूनच ज्यांनी स्वस्त गोळी घेऊन यावयाचे, त्यांनीच न येण्याचे मोल घ्यावे, हे दंडाच्या आकड्याहून आम्हांस अधिक बोचले.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही एवढेच लिहून कळवले: ‘तुझ्यापुढे करार सहीस येईल तेव्हा वकिलास अवश्य विचार, पण त्याआधी स्वतःस एक प्रश्न विचार. हे पैसे आपण काही देऊन घेत आहोत, की काही न करण्याबद्दल? उत्तर देताना जीभ अडखळली, तर लेखणी खाली ठेव.’