घराची खरेदी आणि आपला वकील

नारायण पेठेंतील जुना वाडा रस्त्यावरून एकच दिसतो. कागदावर मात्र तो क्वचितच एक असतो. माडी एका भावाकडे, मागचा चौक दुसऱ्याकडे, दर्शनी खोल्यांत तीन पिढ्यांचा भाडेकरू, आणि बोळाच्या वहिवाटीबद्दल शेजाऱ्याची जुनी तक्रार, अशी त्याची स्थिति असते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या पुरानें नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे पडले. पुढें इतर अनेक वाड्यांच्या जागींहि सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. भिंती नव्या झाल्या तरी त्यांच्याखालच्या जमिनीचे हक्क जुनेच राहिले. यास्तव येथें घर घेणाऱ्यानें भिंतींइतकेच कागदहि पारखले पाहिजेत, आणि ते पारखणारा वकील विसार देण्यापूर्वींच नेमला पाहिजे.

व्यवहारांत बहुधा याच्या उलट घडतें. घर पसंत पडतें, “दुसरें गिऱ्हाईक उभें आहे” असें दलाल सांगतो, घाईनें विसार दिला जातो, आणि मग खत लिहिण्यापुरता वकील शोधला जातो. त्या वेळीं वकिलाला दोष सांपडला तरी गिऱ्हाइकाला तो ऐकवत नाहीं. कारण पैसे दुसऱ्याच्या हातांत गेलेले असतात. “घेऊं नका” हे दोन शब्द वकील मोकळेपणीं बोलूं शकतो तो विसारापूर्वींच. आयुष्याची पुंजी आणि वर वीस वर्षांचें कर्ज ज्या व्यवहारांत घालावयाचें, तेथें या दोन शब्दांचें मोल फार मोठें आहे.

मुंबईस या कामासाठीं ‘सॉलिसिटर’ असा शब्द रूढ आहे. तेथील उच्च न्यायालयांत सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट असे दोन वर्ग पूर्वीं निराळे असत. १९७६ च्या कायद्यानें तो भेद मिटला. पुण्यांत कागद तपासणारा, खत लिहिणारा आणि प्रसंगीं कोर्टांत उभा राहणारा वकील एकच असूं शकतो. मात्र तो कोणाचा, हा प्रश्न पहिला. इमारत बांधणाऱ्याचा वकील त्याच्या पक्षकाराचें हित पाहणार. दलालानें सुचविलेल्या वकिलाचीं पुढचीं कामें दलालाकडूनच यावयाचीं असतात. बँकेचा वकील बँकेच्या कर्जाला तारण पुरेसें आहे कीं नाहीं, एवढेंच तपासतो. “बँकेनें कर्ज दिलें, म्हणजे कागद स्वच्छ” हा समज म्हणूनच अपुरा आहे. आपली फी देऊन आपण नेमलेला वकीलच आपल्या प्रश्नाला उत्तर देण्यास बांधलेला असतो.

अशा वकिलाची निवड करतांना मोठें नांव पाहण्यापेक्षां कांहीं साध्या गोष्टी विचाराव्या. महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची सनद आहे काय? रोजचें काम दिवाणी व मिळकतीचें आहे काय? जुन्या पेठांतील वाड्यांचे कागद पूर्वीं पाहिले आहेत काय? तपासणी ते स्वतः करणार कीं कारकुनावर सोंपविणार? फी किती, आणि तींत काय काय येतें? विकणाऱ्याशीं किंवा बांधणाऱ्याशीं आपला संबंध असल्यास तो पक्षकारास सांगणें हें वकिलाचें कर्तव्य, असें व्यवसायाचे नियमच सांगतात. तेव्हां हा प्रश्न विचारण्यांत संकोच नसावा. शेवटीं मत तोंडी घेऊं नये. सहीचा लेखी अहवाल घ्यावा.

आतां तपासणीचें स्वरूप पाहूं. वकील सामान्यतः मागील तीस वर्षांचा शोध घेतो. त्यासाठीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील इंडेक्स टू पाहतात. पुण्यांतील या कचेऱ्यांचीं नांवें तालुक्यावरून ‘हवेली क्रमांक’ अशीं आहेत. सिटी सर्व्हे कचेरींतून मालमत्ता पत्रक काढतात. परंतु मालमत्ता पत्रकावर नांव असणें हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. आणि इंडेक्समध्यें नोंदलेलेच दस्त दिसतात. मृत्युपत्र नोंदविण्याची सक्ति नाहीं. एखाद्या वारसाचें नांव पत्रकावर लागलेंच नसेल. मूळ खत सावकाराकडे ठेवून काढलेलें कर्जहि या शोधांत निसटूं शकतें. म्हणून वकील मूळ कागद डोळ्यांनीं पाहण्याचा आग्रह धरतो, वंशावळ मागतो आणि वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवितो.

एक उदाहरण घेऊं. वाडा वडिलोपार्जित आहे. तिघे भाऊ विकावयास तयार आहेत. बहीण लग्न होऊन परगांवीं आहे. “ताईचें कांहीं म्हणणें नाहीं” असें भाऊ सांगतात, आणि तें मनापासून सांगत असतील. परंतु ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. तेव्हां एक तर ताईची खरेदीखतावर सही हवी, नाहीं तर नोंदणी केलेलें हक्कसोडपत्र हवें. ताईशीं प्रत्यक्ष बोलून तें मिळविणें विसारापूर्वीं सोपें असतें. पुढें तिनें वा तिच्या मुलांनीं दावा लावल्यास घर घेणाऱ्याच्या वाट्याला कोर्टाच्या तारखा येतात.

भाडेकरूची गोष्टहि अशीच आहे. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाहीं; १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचें संरक्षण त्याला नव्या मालकाविरुद्धहि राहतें. जागा देवस्थानाची वा अन्य सार्वजनिक न्यासाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी पाहावी. वाड्याच्या जागीं नवी इमारत होत असेल, तर मूळ मालकांशीं झालेला करार, महानगरपालिकेची मंजुरी आणि बांधून झाल्यावर भोगवटा पत्र पाहावें. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पाची माहिती कोणासहि पाहतां येते. परंतु जमीन ५०० चौरस मीटरांहून किंवा सदनिका ८ हून अधिक नसतील, तर त्या नोंदणीचें बंधन नाहीं. आणि पेठांतील वाड्यांच्या जागा पुष्कळदां लहान असतात. अशा ठिकाणीं वकिलाचें काम अधिकच वाढतें.

राहतां राहिलें खत. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. तेवढ्यानें मालकी येत नाहीं. मालकी येते ती नोंदणी झालेल्या खरेदीखतानें. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर विकत घेतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं सांगितलें आहे. सही झाल्यावर दस्त चार महिन्यांच्या आंत नोंदणीस हजर करावा लागतो. किंमत ५० लाख रुपये वा अधिक असल्यास तींतून १ टक्का प्राप्तिकर कापून सरकारांत भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. नोंदणी झाली कीं मालमत्ता पत्रकावर आणि पालिकेच्या कर-आकारणींत आपलें नांव लावून घ्यावें; पुष्कळ मंडळी येथेंच थांबतात, आणि वीस वर्षांनीं त्यांच्या मुलांना तोच घोळ निस्तरावा लागतो.

सारांश, आधीं वकील, मग कागद, मग विसार, मग खत, आणि शेवटीं नांवाची नोंद, हा क्रम मोडूं नये. वकिलाची फी घराच्या किंमतीच्या मानानें अल्प असते. तपासणीअंतीं त्यानें “घेऊं नका” असें सांगितलें, तर फी वाया गेली असें मानूं नये. त्या दिवशीं त्या घराची पुंजी वांचली, असें समजावें.