नाण्यावरची दुहेरी अक्षरे

नाण्यावरची अक्षरे दुहेरी दिसण्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असते, आणि संग्राहक त्यांतल्या एकाचीच मोठी किंमत मोजतात. ती चूक नाणे पाडताना होत नाही. त्याआधी, डाय घडवताना होते.

डाय म्हणजे नाण्याच्या एका बाजूचे उलटे, खोलगट चित्र असलेला पोलादी साचा. ‘हब’ नावाचा उठावाचा ठसा पोलादावर दाबून ती तयार करतात. पूर्वी एका दाबात पूर्ण चित्र उतरत नसे. दाबामुळे पोलाद कठीण होई, म्हणून डाय तापवून मऊ करत आणि पुन्हा हबखाली ठेवत. दुसऱ्या खेपेला ती किंचित फिरून बसली की चित्र दोनदा उमटे. मग त्या डायचे प्रत्येक नाणे हुबेहूब तोच दोष घेऊन बाहेर पडे. हीच खरी ‘डबल डाय’.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचा १९५५चा लिंकन सेंट हे तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण. त्याच्या दर्शनी बाजूवरचे साल आणि अक्षरे नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. चूक कळली तोवर ही नाणी चांगल्या नाण्यांच्या राशीत मिसळली होती. वीस हजारांहून अधिक सेंट तसेच चलनात गेले.

बाजारात ‘दुर्मीळ’ म्हणून पुढे केली जाणारी बरीचशी नाणी मात्र वेगळ्याच प्रकारची असतात. यंत्रात डाय सैल असली तर ठोका पडताच ती जराशी हलते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड चेपते. इथे दुसरे अक्षर तयारच होत नाही, असलेलेच दबते. म्हणून भिंगाखाली अक्षराच्या बाजूला सपाट, बुटकी पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक झालेले असते. डबल डायमध्ये उलट घडते: अक्षर जाड होते, दोन्ही प्रतिमांना गोलसर उठाव असतो आणि अक्षरांच्या टोकांशी स्पष्ट खाच पडते. अक्षर जाड झाले की बारीक, ही कसोटी सर्वांत आधी लावावी.

१९६९च्या सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या सेंटवर आणखी नेमकी खूण सापडते. त्या काळी टांकसाळीचे ‘एस’ हे अक्षर हबवर नसे. तयार डायवर ते हाताने वेगळे ठोकत. म्हणून खऱ्या डबल डायमध्ये साल दुहेरी असले तरी ‘एस’ एकेरीच राहतो. सालाबरोबर ‘एस’ही त्याच दिशेला सरकलेला दिसला, तर तो हललेल्या डायचा परिणाम समजावा. त्या नाण्याला जादा किंमत नाही.

तिसरे कारण झिजलेली डाय. तिच्यामुळे अक्षरांभोवती धूसर, पसरट सावली उमटते. १९५५च्याच काही सेंटवर सालातल्या शेवटच्या पाचाला अशी सावली आहे. त्याला ‘गरिबाची डबल डाय’ म्हणतात आणि हौसेने थोडेफार पैसेही मोजतात. पण खऱ्या १९५५शी त्याचे नाते फक्त सालापुरते.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत डाय एकाच दाबात घडू लागली. तरी दोष पूर्णपणे थांबला नाही. सुरुवातीला हब आणि डाय किंचित कललेल्या असल्या तर आजही चित्र दुहेरी उमटते, पण ते छोटे आणि बहुधा नाण्याच्या मध्याजवळ. ओंडक्यावर बसून वाचणाऱ्या तरुण लिंकनच्या २००९च्या काही सेंटवर त्याच्या हाताला जादा बोट दिसते ते त्यामुळेच. नव्या नाण्यांत शोध घ्यायचा तर कडेच्या अक्षरांपेक्षा मध्यभागी भिंग धरावे.