वृत्ती, वेतन, उपकार : विद्यार्थ्यांच्या शासकीय साहाय्याची परिभाषा आणि साहित्य

१

शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यास शासन जे द्रव्यसाहाय्य देते, त्याला भारतीय भाषांनी निरनिराळी नावे दिली आहेत. मराठी आणि गुजरातीत ‘शिष्यवृत्ती’, हिंदीत ‘छात्रवृत्ति’, बंगालीत ‘वृत्ति’, उर्दूत ‘वजीफा’, कन्नडमध्ये ‘विद्यार्थिवेतन’, तेलुगूत ‘उपकारवेतनम्’, तर तमिळमध्ये ‘उदवित्तोगै’, म्हणजे मदतीची रक्कम. ही सर्व नावे एकाच व्यवहाराची असली तरी देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते ती सारखेपणाने सांगत नाहीत. ‘वृत्ती’ म्हणजे निर्वाहाचे साधन. मराठी दप्तरांतील जुन्या कागदपत्रांत ‘वृत्ती’ हा शब्द ‘वतना’च्या जोडीने येतो आणि जोशीवृत्तीसारख्या वंशपरंपरागत हक्काचा निर्देश करतो. ‘वेतन’ हा केलेल्या वा करावयाच्या कामाचा मोबदला आहे. ‘उपकार’ मात्र दात्याच्या इच्छेवर अवलंबून असतो. तेलुगू शब्दात उपकार आणि वेतन शेजारी नांदतात, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीवरून धोरण ठरत नाही हे खरे. तथापि साहाय्य हा हक्क आहे, मोबदला आहे की उपकार, हा प्रश्न केवळ प्रशासनाचा नाही. आधुनिक भारतीय आत्मकथनांचा, विशेषतः दलित आत्मकथनांचा, मोठा भाग या प्रश्नाभोवती उभा आहे. प्रस्तुत लेखात मराठीतील या व्यवहाराचा इतिहास आणि त्याची कार्यपद्धती विशद करून तिचे साहित्याशी असलेले नाते स्पष्ट करावयाचे आहे.

२

महाराष्ट्रात विद्येसाठी राज्याने द्रव्य देण्याची प्रथा इंग्रजी राजवटीपूर्वीची आहे. पेशवाईत पुण्यास श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ही प्रथा एकाएकी मोडली नाही. त्याच निधीच्या आधारे १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी वापरावा, असा अर्ज सरकारकडे केला. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. पुढे याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे हे त्यांपैकी एक होत. म्हणजे मराठी गद्याच्या घडणीच्या काळातच विद्यार्थ्याचे साहाय्य आणि ग्रंथकाराचे पारितोषिक यांचा उगम एकाच तिजोरीत होता.

या तिजोरीचे दार कोणासाठी उघडे होते, याचे उत्तर जोतीराव फुले यांच्या अनुभवात मिळते. त्यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते; कमिटीने ते स्वीकारले नाही. अज्ञानामुळे होणारी शेतकऱ्याची लूट आणि शिक्षणाची निकड हा त्या नाटकाचा विषय आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांचाच प्रश्न उपस्थित केला. स्पर्धेतून शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसली तरी ज्यांना आधीच शिक्षणाची गोडी लागली आहे त्याच वर्गांना तिचा लाभ होतो. म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेलाच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. गुणवत्तेचे बक्षीस आणि वंचितांचे साहाय्य यांतील भेद इतक्या नेमकेपणाने मांडणारे हे आरंभीच्या निवेदनांपैकी एक होय. आजही ‘शिष्यवृत्ती’ हा एकच मराठी शब्द शालेय स्पर्धापरीक्षेतील बक्षिसासाठी आणि मागासवर्गीय विद्यार्थ्याच्या निर्वाहभत्त्यासाठी वापरला जातो. या द्व्यर्थामुळेच दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याकडे ‘गुणाविना मिळवणारा’ म्हणून पाहणे सोपे जाते.

३

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे कार्य काही संस्थानांनी उचलले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून विविध जातींच्या वसतिगृहांना आश्रय दिला. बडोद्यात सयाजीरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पदवीच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. या दुसऱ्या शिष्यवृत्तीसोबत दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. म्हणजे नाव वृत्तीचे असले तरी व्यवहार आगाऊ दिलेल्या वेतनाचा होता. त्या करारानुसार आंबेडकर बडोद्यास गेले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहण्यास जागाही मिळू नये, यातून साहाय्याची मर्यादा स्पष्ट होते. द्रव्याने विद्या मिळाली. तिच्याबरोबर यावयाचे सामाजिक स्थान मिळाले नाही.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असताना आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी एक निवेदन सादर केले. उच्च शिक्षणासाठी साहाय्य मागताना त्यांनी बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांना केंद्र सरकार देत असलेल्या अनुदानाचा दाखला दिला. सार्वजनिक निधीतून इतरांना जो वाटा मिळतो, तसाच वाटा त्यांनी मागितला. मागणीचा सूर दयेच्या याचनेचा नव्हता. १९४४ मध्ये भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. पुढे संविधानाच्या ४६व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. मात्र हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयात त्याची थेट अंमलबजावणी मागता येत नाही. हक्क आणि उपकार यांच्या सीमेवरील ही जागा या योजनेने आजवर सोडलेली नाही.

योजनेची रचना थोडक्यात अशी. मॅट्रिकनंतरच्या कोणत्याही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात शिकणाऱ्या आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न विहित मर्यादेच्या आत असलेल्या विद्यार्थ्यास अनिवार्य शुल्क आणि निर्वाहभत्ता दिला जातो. अनुसूचित जातींसाठीच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा अडीच लाख रुपये होती. वसतिगृहात राहणाऱ्यास अधिक आणि घरून ये-जा करणाऱ्यास कमी दर असतो. महाराष्ट्रात १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी ‘ई.बी.सी. सवलत’ सुरू झाली. तिचा निकष जातीचा नसून उत्पन्नाचा होता. ‘सवलत’, ‘शिष्यवृत्ती’ आणि ‘फ्रीशिप’ हे शब्द महाविद्यालयाच्या खिडकीपाशी सरमिसळ वापरले जात असले तरी त्यांत अंतर आहे. सवलत आणि फ्रीशिप यांनी फक्त शुल्क माफ होते. शिष्यवृत्तीने जेवणखर्चासही हातभार लागतो. गाव सोडून शहरात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे अंतर निर्णायक असते.

४

मराठी दलित साहित्याचा उदय या रचनेपासून वेगळा काढता येत नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेली मुले शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांच्या आधारावर तेथे टिकली. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ला लेखक आणि वाचक मिळाले, त्यांत अशा मार्गाने शिकलेल्या पहिल्या पिढीचा वाटा मोठा आहे. विद्यापीठीय समीक्षेने या साहित्याची वैचारिक प्रेरणा पुष्कळ तपासली. त्याचा आर्थिक पाया तुलनेने कमी तपासला.

आत्मकथनांत साहाय्य येते ते बहुधा अर्जाच्या रूपाने. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शैक्षणिक सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही लागते, आणि वडिलांचे नाव, जात, धर्म यांपैकी काहीच निर्विवाद नसलेल्या मुलाची ओळख कशी पटवावी, असा पेच उभा राहतो. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये (१९९४) हाच पितृनामाचा प्रश्न वेगळ्या समाजस्थितीतून येतो. साहाय्य मिळण्यापूर्वी अर्जदाराला शासनाच्या परिभाषेत बसावे लागते. जो त्या रकान्यांत मावत नाही तो साहाय्यासही पारखा होण्याचा धोका असतो. ‘मी कोण’ हा आत्मकथनाचा मूलभूत प्रश्न या कृतींत प्रथम एका छापील कागदाने विचारलेला आहे. दया पवार यांच्या आत्मकथनाचे ‘बलुतं’ (१९७८) हे शीर्षकही याच संदर्भात अर्थपूर्ण ठरते. बलुते हा गावव्यवस्थेत रूढीने ठरलेला वाटा होता, पण महाराला तो प्रत्यक्षात हात पसरून घ्यावा लागे. कागदावर हक्क आणि दारात याचना, हे दुहेरीपण शिष्यवृत्तीच्या खिडकीपर्यंत चालत आले.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण कन्नडमधील आहे. अरविंद मालगत्ती यांच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे नाव ‘गव्हर्नमेंट ब्राह्मण’ असे आहे. शासकीय सवलती घेणाऱ्या दलितांना उद्देशून वापरला जाणारा हा टोमणा लेखकाने शीर्षक म्हणून उचलला. मराठीत याच अर्थी ‘सरकारचे जावई’ आणि हिंदीत ‘सरकारी दामाद’ म्हटले जाते. जावयाच्या रूपकात फुकटच्या पाहुणचारावर बोट आहे. ‘ब्राह्मणा’च्या रूपकात मात्र टोमणा मारणाऱ्याच्याही नकळत एक ऐतिहासिक सत्य बोलले गेले आहे. राज्याच्या तिजोरीतून विद्येसाठी द्रव्य घेणारा वर्ग पूर्वी कोणता होता, हे तो शब्द सांगतो. तेव्हा तेच द्रव्य ‘दक्षिणा’ म्हणून मानाचे होते. घेणारा बदलताच त्याची ‘मेहेरबानी’ झाली. श्रावणातील दक्षिणा आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या दोन प्रकरणांचे वाचन एकत्र केल्याशिवाय ‘गव्हर्नमेंट ब्राह्मण’ या शीर्षकातील उपरोध पुरता उलगडत नाही.

५

हा प्रश्न भूतकाळाचा नाही. २०१०च्या दरांनुसार अकरावी-बारावीतील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास घरून शिकत असल्यास दरमहा २३० आणि वसतिगृहात असल्यास ३८० रुपये मिळत. केंद्र आणि राज्य यांनी भार कसा वाटून घ्यावयाचा या वादामुळे पुढील काळात अनेक राज्यांत रकमा थकल्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या योजनेसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद आणि ६०:४० असे सूत्र मान्य केले. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात जमा करण्याचे ठरले आणि वार्षिक भत्ता २,५०० ते १३,५०० रुपये असा निश्चित झाला. महाराष्ट्रात २०१७-१८ पासून अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरले जाऊ लागले. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आली. सरपंचाच्या सहीची जागा तहसील कार्यालयाच्या दाखल्याने आणि अंगठ्याच्या ठशाने घेतली. मध्यस्थ कमी झाले. वाट पाहणे मात्र संपले नाही.

विलंबाचा अर्थ येथे नीट समजून घ्यावयास हवा. वृत्ती म्हणजे निर्वाह, आणि निर्वाह थकबाकीत ठेवता येत नाही. वर्ष उलटल्यावर रक्कम खात्यात आली तर तोवरचा विद्यार्थी सावकाराकडून, मित्रांकडून किंवा आईच्या मजुरीवर शिकलेला असतो, अथवा परत गेलेला असतो. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांनी आत्महत्येपूर्वी लिहिलेल्या पत्रात सात महिन्यांच्या थकित अधिछात्रवृत्तीचा उल्लेख केला आहे. ती रक्कम आपल्या कुटुंबाला मिळावी, अशी त्यांची इच्छा होती. माणसाच्या मोलाविषयी बोलणाऱ्या त्या पत्रात हा हिशेबही आहे, आणि तो वगळून ते पत्र वाचता येत नाही.

भारतीय आत्मकथनांच्या तौलनिक अभ्यासात भूक, शाळा आणि अपमान या सूत्रांची चर्चा झाली आहे. त्यांच्याच पंक्तीत अर्ज, दाखला आणि थकबाकी यांनाही स्थान द्यावयास हवे. कोणत्या भाषेतील लेखक साहाय्याला कोणत्या नावाने संबोधतो, कोणते टोमणे ऐकतो आणि त्याच्या हाती रक्कम केव्हा पडते, या तीन गोष्टी एकत्र नोंदवल्यास, वृत्ती, वेतन आणि उपकार यांपैकी नेमके काय त्याच्या वाट्याला आले, हे त्या कृतीतच लिहिलेले आढळेल.