दिवा लावण्याआधी वास घ्या

रमजान सुरू झाला की मुस्लिम घरातल्या शेगडीचे वेळापत्रक बदलते. एरवी सकाळी सहा-सातला पेटणारा गॅस पहाटे तीन-साडेतीनलाच पेटतो. सहेरीसाठी घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठते, अर्धवट झोपेत स्वयंपाकघरात जाते आणि तिचा हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. दारे-खिडक्या रात्रभर बंद असतात. त्या रात्री गॅस गळत राहिला असेल, तर बटणातली बारीकशी ठिणगीही अनर्थाला पुरते. म्हणून या महिन्यात प्रत्येक घराने एक सवय लावून घ्यावी. स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थांबायचे, वास घ्यायचा आणि मगच दिवा लावायचा.

आपल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. दाबाखाली तो द्रवरूपात असतो. बाहेर पडला की एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेले की तो पेट घेऊ शकतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता जमिनीलगत, ओट्याखाली, कोपऱ्यात साचतो. त्यामुळे वास घेताना थोडे वाकावे. सर्दी झालेल्या माणसाला किंवा वृद्धांना वास लवकर कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वास आलाच तर विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. एक्झॉस्ट पंखा लावू नये, फ्रिज उघडू नये, काडी ओढू नये. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलाबाळांना बाहेर न्यावे. रेग्युलेटर बंद करूनही फुसफुस ऐकू येत असेल तर तो काढून सिलिंडरला दोरीने बांधलेले टोपण व्हॉल्व्हवर घट्ट बसवावे. मग घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. गॅसगळतीसाठीची ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते, म्हणजे सहेरीच्या वेळीही. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा १०१ क्रमांक लावावा.

मुळात ही वेळ येऊ नये यासाठीचे उपाय साधे आहेत. रात्री झोपताना घरातला विस्तव तसाच ठेवू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. ती दिव्यांच्या आणि चुलींच्या काळातली. आजच्या घरात तिचा अर्थ इतकाच, की तरावीहनंतरचे जेवण-चहा आटोपला की शेगडीबरोबर रेग्युलेटरही बंद करावा. शेगडी ओट्यावर आणि सिलिंडर खाली, उभा असावा. केशरी सुरक्षा नळीवर आयएसआय चिन्ह असावे, ती दीड मीटरहून लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. उंदराने कुरतडली किंवा चीर पडली तर लगेच. गळतीची शंका आली तर सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावे, बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून पाहण्याचा आगाऊपणा कोणी करू नये.

सिलिंडर दारात येतो तेव्हा पाच मिनिटे द्यावीत. सील पाहावे, वजन करून घ्यावे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावरच कोरलेले असते. वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही त्या सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करावा. हे काम घरातल्या पुरुषांनी, कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी अंगावर घ्यावे. रोजा ठेवून दिवसभर राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर हाही भार कशाला?

संध्याकाळी चित्र रस्त्यावर असते. मुंबईचा मोहम्मद अली रोड असो, सोलापूरची विजापूर वेस असो की आपल्या गावातला मशिदीजवळचा चौक, इफ्तारच्या वेळी भजी, समोसे, कबाब घ्यायला सर्व धर्मांची माणसे गर्दी करतात. त्या गर्दीत कढईच्या पायथ्याशी सिलिंडर असतो. मोठ्या आचेवर गॅस भराभर खर्च होतो, सिलिंडर थंड पडतो, बाहेरून दव धरतो आणि आच मंदावते. मग कोणी त्याला गरम पाण्याच्या टबात ठेवतो, कोणी आडवा करतो. दोन्ही जिवावर बेतणारे. दोन सिलिंडर जोडून घेण्याची सोय वितरकाकडून करून घ्यावी. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरावा. घरगुती सिलिंडर गाड्यावर लावणे आणि एकातून दुसऱ्यात गॅस भरणे हा गुन्हा आहेच, शिवाय सगळ्या चौकाला धोका आहे. सिलिंडर कढईपासून दूर, गिऱ्हाइकांच्या वाटेबाहेर ठेवावा. जवळ वाळूची बादली आणि पावडरचे अग्निशामक नळकांडे असावे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीच टाकू नये. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे.

गणेशोत्सवातला महाप्रसाद, दिवाळीचा फराळ, लग्नाचा मांडव, सगळीकडे हेच नियम लागू पडतात. आपण एकमेकांच्या पंगतीला बसतो, तशी एकमेकांच्या सिलिंडरवरही नजर ठेवायला हरकत नाही.

चाँदरातीला शीरखुर्म्याचे दूध आटवताना शेगडी सोडून जाऊ नका. दूध उतू जाऊन ज्योत विझली तरी गॅस वाहतच राहतो आणि आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत तो आपोआप बंद होत नाही. महिनाभराच्या इबादतीनंतरची ईद प्रत्येक घरात हसतखेळत यावी, हीच दुआ.