लोक्रोनानची प्रदक्षिणा

परदेशांचीं प्रवासवर्णनें वाचतांना आपण बहुधा राजधान्या, राजवाडे आणि पदार्थसंग्रहालयें यांतूनच हिंडत असतों. आज आम्ही वाचकांस फ्रान्समधील अशा एका लहानशा गांवीं नेणार आहों, कीं जेथील मुख्य प्रेक्षणीय वस्तु म्हणजे एक पायवाट आहे. आणि ती वाट सहा वर्षांतून एकदांच, तीहि आठवडाभरच, पूर्णपणें खुली होते.

फ्रान्सच्या पश्चिमेस समुद्रांत शिरलेला जो भूभाग, तो ब्रिटनी प्रांत. त्याच्या शेवटच्या टोंकाकडे, कँपेर शहराच्या वायव्येस सुमारें १७ किलोमीटरांवर, लोक्रोनान हें गांव आहे. वस्ती जेमतेम आठशेंची. येथील मूळची ब्रेटन भाषा फ्रेंचच्या कुळांतली नव्हे. ती इंग्लंडशेजारच्या वेल्श भाषेची बहीण होय. त्या भाषेंत ‘लोक’ म्हणजे पवित्र स्थान. रोनान नांवाचा एक विरक्त साधु आयर्लंडाहून येऊन येथील अरण्यांत राहिला, अशी परंपरा आहे. त्याचें स्थान तें लोक्रोनान.

गांवांत शिरतांच दगडी चौक लागतो. मध्यें जुनी विहीर, सभोंवतीं करड्या ग्रॅनिटचीं भक्कम घरें आणि त्यांवर स्लेटच्या पाट्यांचीं उतरतीं छपरें. हीं घरें बांधलीं तीं शिडाच्या कापडाच्या पैशावर. भांगेच्या जातीच्या झाडाचा वाख काढून येथील विणकर जहाजांच्या शिडांचें जाड कापड विणीत, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत व्यापाऱ्यांनीं त्या धंद्यावर आपलीं घरें उठविलीं. पुढें धंदा बसला. गांवापाशीं जुनें पाडून नवें बांधण्यापुरताहि पैसा उरला नाहीं, म्हणूनच तें जुनें आज शाबूत आहे. दारिद्र्यानें केलेलें रक्षण तें हें! आतां याच चौकाच्या देखणेपणावर गांवाचा चरितार्थ चालतो. १९७९ सालीं प्रदर्शित झालेल्या ‘टेस’ या चित्रपटांतील कांहीं दृश्यें येथेंच घेतलेलीं आहेत.

चौकाच्या एका अंगास पंधराव्या शतकांतील संत रोनानचें मंदिर आहे. लगतच्या छोट्या प्रार्थनागृहांत साधूची समाधि आहे. काळसर दगडांत कोरलेली त्याची निद्रिस्त मूर्ति सहा देवदूतांनीं उचलून धरलेली असून, तिच्या खालून वांकून जाण्याची भाविकांची जुनी चाल आहे. ब्रिटनीची राजकन्या आणि फ्रान्सची राणी झालेली ॲन १५०५ सालीं येथें यात्रेस आली होती. देवळांतील १७०७ सालच्या प्रवचनपीठावर रोनानचें चरित्र लांकडांत कोरलेलें आहे. पुढील वाट चालण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें, म्हणजे वाटेवरच्या खुणा ओळखतां येतात. चौकांतून विणकरांची जुनी आळी, र्‍यू मोआल, उतरून गेलें कीं खालीं एक साधें देऊळ आणि झऱ्याचें दगडी कुंड लागतें. वरच्या चौकांत गर्दी असली तरी येथें बहुधा पाण्याचाच आवाज ऐकूं येतो.

आतां ती मुख्य वाट. तिचें नांव ‘त्रोमेनी’. ‘त्रो’ म्हणजे फेरा आणि ‘मिनिही’ म्हणजे मठाची अभय दिलेली जमीन. म्हणजे आपल्या भाषेंत क्षेत्राची प्रदक्षिणाच. आख्यायिका अशी, कीं रोनान अनवाणी व उपाशीपोटीं आपल्या क्षेत्राभोंवतीं नित्य फेरा घालीत असे. केबेन नांवाच्या एका बाईनें त्याच्यावर चेटक्याचा आळ घेतला. पुढें तो वारला तेव्हां त्याचें शव बैलगाडीवर ठेवून बैल मोकळे सोडले, तों ते आपण होऊन त्याच्याच फेऱ्याच्या वाटेनें चालूं लागले. केबेन वाटेंत कपडे धूत होती. तिनें हातांतल्या दांडक्यानें एका बैलाचें शिंग मोडलें. जेथें तें शिंग पडलें ती टेंकडीवरची जागा आजहि ‘शिंगाची जागा’ याच नांवानें ओळखली जाते.

लहान फेरा दरवर्षीं जुलैंत निघतो. मोठा फेरा मात्र सहा वर्षांनीं, जुलैच्या दुसऱ्या रविवारापासून तिसऱ्या रविवारापर्यंत. अंतर सुमारें १२ किलोमीटर आणि मुक्कामाचे टप्पे बारा. वाटेवर झाडांच्या फांद्यांच्या चव्वेचाळीस खोपी उभारतात. प्रत्येक खोपींत आसपासच्या एखाद्या देवळांतील संताची मूर्ति, आणि तिच्यापाशीं त्या वाडीचें कोणी माणूस बसलेलें असतें. दोन्ही रविवारीं निशाणें व पताका घेऊन मिरवणूक निघते. मधल्या दिवसांत ज्यानें त्यानें आपल्या सवडीनें चालावें. ओढ्याकांठच्या सखल भागांतून, शेतांच्या बांधांवरून वाट हळूहळू वर चढते. टेंकडी तीनशें मीटरांहूनहि कमी उंचीची. पण माथ्यावरून द्वार्नने उपसागराचें निळें पाणी दिसलें म्हणजे श्रमाचें सार्थक होतें. उतरतांना ‘दगडी घोडी’ या नांवाची प्रचंड शिळा लागते. संततीची इच्छा धरून स्त्रिया पूर्वीं तिच्यावर बसत. दोनात्याँ लोराँ या संशोधकानें असा तर्क मांडला, कीं बारा टप्प्यांचा हा फेरा ख्रिस्ती धर्माहूनहि प्राचीन असून त्यांत केल्ट लोकांचें वर्षचक्रच साठविलेलें आहे.

पण आम्हांस सर्वांत विचार करावयास लावते ती गोष्ट निराळीच आहे. ही वाट पुष्कळ ठिकाणीं सरकारी रस्ता नव्हे. ती खासगी शेतांतून जाते, आणि एरवीं तेथें पीक उभें असतें किंवा कुंपण घातलेलें असतें. सणापूर्वीं शेतकरी आपलें कुंपण उघडतो, झुडपें तोडतो, तेव्हांच तेथें वाट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनींत शेतजमिनींचें एकत्रीकरण झालें, आणि यंत्रांच्या सोयीसाठीं जुने बांध व पायवाटा मोठ्या प्रमाणांत नाहींशा झाल्या. या काळांतहि रोनानचा फेरा टिकला, याचें श्रेय भाविकांना जितकें, तितकेंच आपल्या शेतांतून शेजाऱ्यास जाऊं देणाऱ्या कुटुंबांनाहि दिलें पाहिजे. एका पिढीनें नाहीं म्हटलें, तर नकाशा शिल्लक राहील. फेरा राहणार नाहीं.

म्हणूनच कीं काय, जुन्या लोकांनीं या बाबतींत मोठा धाक घालून ठेवला आहे. जो जिवंतपणीं फेरा घालणार नाहीं, त्यास मरणानंतर तो घालावा लागेल, आणि तोहि वर्षास आपल्या शवपेटीच्या लांबीइतकाच पुढें सरकून! पेटी दोन मीटरांची धरली तर बारा किलोमीटरांस सहा हजार वर्षें होतात. एवढ्या हिशेबानंतर एक दिवस पायपीट करणें कोणासहि स्वस्तच वाटेल.

मागचा मोठा फेरा २०२५ सालीं झाला. पुढचा क्रमाप्रमाणें २०३१ सालीं यावयाचा. ज्या मुलानें सहाव्या वर्षीं आजोबांचें बोट धरून हा फेरा पुरा केला, तें पुढच्या वेळीं बारा वर्षांचें असेल, त्याच्या पुढच्या वेळीं अठरा वर्षांचें. दीर्घायुष्य लाभलें तरी मनुष्याच्या वांट्यास असे फेरे बारातेरांहून फारसे अधिक येत नाहींत. त्यांतले पहिले कोणाचें तरी बोट धरून चालावयाचे असतात. आणि शेवटले, आपलें बोट धरणारें घरांत कोणी असेल तरच खऱ्या अर्थानें पुरे होतात.